आशाबाईच्या वाटणीचं पाणी

रायभानच्या आजानं जन्मभर मेंढरं हिंडवली. बापानं मेंढरं सोडून वाटूरला कोरडवाहू तुकडा धरला, पण त्याचाही पाय घरात टिकायचा नाही. आणि त्या घरात हा असा निघाला, की एका जागी उकिडवा बसून रोपाला फुटलेलं पान बघत राहायचा. "हिंडणाऱ्याच्या घरात खुंटा निपजला," असं त्याची माय म्हणायची. त्यात कौतुक थोडं होतं आणि काळजी जास्त.

त्या खुंट्यानं पुढं मोसंबीच्या रोपवाटिकेत उभी हयात काढली. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या रोपाची साल चिरून त्यात मोसंबीचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, भरायचा, पट्टी बांधायची, पुढचं रोप घ्यायचं. गुडघे म्हणाले बास, तेव्हा घरी बसला. घरी म्हणजे घरामागच्या अंगणात. दोन खोल्या, वर पत्रे, मागं बाभळीच्या काट्यांचा कूड, आणि त्या कुडाच्या आत एक मोसंबी, एक शेवगा, गुलाबाच्या दोन रांगा, निशिगंधाचा वाफा आणि तेलाच्या रिकाम्या डब्यांत लावलेले मोगरे. आजूबाजूला फेब्रुवारीत भुईला भेगा पडायच्या आणि ह्याच्या कुडाच्या आत फुलं असायची. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायची. रायभान आपण पाहिलंच नाही असं दाखवायचा आणि आतून फुगायचा.

पाणी कुठून आणायचा, असं कुणी विचारलं तर सरळ उत्तर नव्हतं. नळ आठवड्यातून एकदा यायचा, तोही त्याच्या मर्जीनं. बोअर मारलं तर नुसती धूळ उडाली होती. म्हणून त्या घरात पाण्याचा एक थेंबही एकदाच वापरून सुटायचा नाही. भाजी धुतलेलं पाणी भांड्याला, भांड्याचं पाणी अंगण सारवायला किंवा शेवग्याला, अंघोळीचं पाणी दांडानं थेट गुलाबाच्या बुडाशी. गुलाबांच्या मध्ये मडकी पुरलेली होती, तोंडापर्यंत. त्यात पाणी भरून झाकण ठेवलं की ते हळूहळू पाझरत राही आणि उन्हाच्या हाती काही लागत नसे.

ह्या पाण्यावरून नवराबायकोचं जन्मभर भांडण. आशाबाई गप्प बसणारी बाई नव्हती. डोक्यावरून हंडे तिनं आणलेले, त्यामुळं बोलायचा हक्कही तिचाच. "माणसानं तोंड धुवावं का न्हाई, हे बी आता तुमच्या गुलाबाला इचारायचं का?" असं ती शेजारणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायची. फुलांची तिला आवड नव्हती. डोक्यात एक फूल कधी खोवलं नाही तिनं. मात्र पाणी सांडलेलं तिला खपायचं नाही. मुलगा परमेश्वर लहान असताना त्याच्या हातून अर्धा पेला सांडला, तर तिनं आधी तो ओला कोपरा फडक्यानं टिपला, फडकं मोगऱ्याच्या डब्यात पिळलं आणि मग पोराच्या पाठीत धपाटा घातला.

रायभानची खरी विद्या म्हणजे ताण. मोसंबीवाल्याला हे सांगावं लागत नाही, बाकीच्यांना सांगतो. बहार धरायचा असेल तर झाडाचं पाणी आधी तोडतात. महिना, दीड महिना, पानं मलूल होऊन पिवळी पडेपर्यंत. मग हलक्या हातानं पहिलं पाणी द्यायचं, म्हणजे ताण तोडायचा, आणि झाड पानापानातून फुलतं. किती तहानलं की पुरे आणि किती तहानलं की मेलं, ह्याची रेघ फार बारीक असते. ती रेघ रायभानला दिसायची. पान दोन बोटांत धरून तो सांगायचा की अजून चार दिवस दम धरील.

"झाडाला सुखात ठिवलं की ते नुसती पानं काढत बसतं," तो फाट्यावरच्या हॉटेलात सांगायचा. "पाणी तोडलं की त्याला मरान आठवतं. मंग फुलतं." हे त्यानं इतक्यांदा सांगितलं होतं, की चहावाला त्याच्या आधी ते वाक्य पुरं करायचा.

गेल्या श्रावणात आशाबाई भाकरी थापता थापता एका अंगावर कलली. डाव्या बाजूला लकवा मारला होता. जालन्याला दवाखान्यात ठेवलं, जीव वाचला, बोलणं थोडं जड झालं, पण डावा हात आणि डावा पाय परत आले नाहीत. सोडताना डॉक्टरनं दोन गोष्टी बजावल्या. बीपीच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत, आणि पाणी कमी पडू द्यायचं नाही. मूत्रपिंडं आधीच नाजूक झालेली आहेत, पाणी तुटलं तर ती बंद पडतील.

परमेश्वर संभाजीनगरला कंपनीत होता. तो आणि सून मोनिका दोघंही म्हणाली, मायला आमच्याकडं आणा. मोनिका तोंडदेखलं म्हणत नव्हती. तिनं खोली रिकामी करून पलंगसुद्धा टाकला होता. रायभाननं ऐकलं नाही.

"तिसऱ्या मजल्यावर तिला खिडकीतून काय दिसंल? दुसऱ्याची पाण्याची टाकी," तो म्हणाला. "इथं मी हाय ना. मी बराबर करतो सगळं."

खरं कारण वेगळं होतं आणि ते परमेश्वरलाही ठाऊक होतं. बायकोबरोबर गेलं तर झाडं वाळणार, आणि बायकोला एकटीला पाठवलं तर गाव नावं ठेवणार. ह्या दोन्हींतून वाट काढायची तर तिला इथंच ठेवून आपल्या हातानं करणं भाग होतं. आणि एवढं कबूल केलं पाहिजे, की त्यानं केलं. ज्या माणसानं कधी स्वतःचं ताट उचललं नव्हतं, तो खिचडी शिजवायला शिकला. शेजारची बेबीनंदा सकाळी येऊन आशाबाईला अंघोळ घालून जायची, बाकी सगळं रायभान. बाज त्यानं मागच्या खोलीत खिडकीला लावली, तिचा धड असलेला उजवा हात खिडकीकडं येईल अशी. भिंत जाड होती, खिडकीचा कट्टा रुंद होता. त्यावर तांब्याभर पाणी आणि पेला ठेवायचा. सकाळी एक तांब्या, दुपारून एक. रिकामा झाला की नाही हे बघून मगच उचलायचा. डॉक्टरनं सांगितलेली दुसरी गोष्ट त्यानं मनावर गोंदून घेतली होती.

मार्गशीर्षात त्यानं मोगरे छाटून ताणावर सोडले. त्यातला एक डबा, सगळ्यांत जुना, त्यानं उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, तांब्याच्या शेजारी. ऊन मातीला लागू नये म्हणून वर नारळाच्या काथ्याचा आणि पाल्याचा जाड थर दिला.

"पाडव्याला ह्याची फुलं देतो तुला," तो म्हणाला.

"मला काय करायचीत फुलं? डोक्यावर केस तरी राह्यलेत का?" आशाबाई म्हणाली. जड जिभेनंही तिचं बोलणं बोचायचं तसंच बोचत होतं आणि त्याचंच रायभानला बरं वाटलं.

अवघड एकच होतं. संडास अंगणाच्या पार त्या टोकाला. आशाबाईला भांडं मान्य नव्हतं. जिवंत आहे तोवर घरात हे करणार नाही, असं तिनं ठणकावलं होतं. म्हणून प्रत्येक वेळी तिला काखेत धरून उठवायचं, जवळजवळ उचलूनच अंगण ओलांडायचं, थांबायचं, परत आणायचं. रायभानचे गुडघे गेलेले, कंबर धरलेली. त्यात तांब्या तांब्या पाणी पिणाऱ्या माणसाला लघवीला लागणारच. आणि नवऱ्याच्या हातून हे करून घेणं आशाबाईला किती जड जात असेल, हे तिनं सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही.

संक्रांतीच्या आधीची एक सकाळ. रायभान गुलाबाला डोळा भरत होता. साल इंग्रजी टीच्या आकारात चिरून उचललेली, डोळा ओठांत धरलेला, हे काम अर्ध्यावर सोडलं की डोळा सुकतो. आतून हाक आली. डोळा तिथंच दगडावर ठेवून तो आत गेला आणि दारातूनच म्हणाला, "आत्ताच नेऊन आणलं न्हवं का तुला? दिवसभर ह्येच करत बसू का मी?"

म्हणाला आणि नेलंही. परत येईपर्यंत डोळा सुकला होता. त्यानं दुसरा काढला, भरला, पट्टी बांधली. पट्टीची गाठ मारेपर्यंत तो ते बोलणं विसरूनही गेला होता. आशाबाईनं उत्तर दिलं नव्हतं. एकाला दोन ऐकवणारी बाई गप्प बसली, एवढ्यावरून त्याला कळायला हवं होतं. पण उत्तर आलं नाही म्हणजे भांडण झालं नाही, असा पुरुषांचा हिशेब असतो आणि तो बहुतेक वेळा चुकतो.

त्यानंतरचा माघ रायभानला फार सुखाचा गेला. संक्रांत झाली तसा त्यानं मोसंबीचा ताण तोडला. वसंत पंचमीला झाड पांढरं झालं आणि वास रस्त्यापर्यंत जायला लागला. निशिगंधाचे कंद त्यानं उकरून काढले, माती झाडून सावलीत पसरले, मोठे वेगळे, बारके वेगळे. शेवंतीचे धुमारे तोडून नव्या वाफ्यात लावले. फुटलेली दोन मडकी बदलली. शेवग्याला फुलांचे घोस लोंबायला लागले तेव्हा त्यानं चार मुठी फुलांची भाजी केली आणि आशाबाईला भरवली. तिनं दोन घास खाल्ले आणि मीठ कमी आहे म्हणाली.

काम उरकायचं, कारण आता मधे मधे उठावं लागत नव्हतं. आशाबाईच्या हाका कमी झाल्या होत्या. आधी दिवसातून सहा-सात खेपा व्हायच्या, आता सकाळी एक आणि संध्याकाळी एक. रायभानला वाटलं, गोळ्या लागू पडल्या. शरीर ताळ्यावर येतंय. तांब्या तर दोन्ही वेळा रिकामा असायचा, पेला शेजारी पालथा घातलेला.

"दोन तांबे पाणी पिऊन राह्यली तुझी माय," तो फोनवर परमेश्वरला सांगायचा. "अन् दोनदाच उठवावं लागतं आता. तिकडं नेलं असतं तर असं झालं असतं का?"

परमेश्वर म्हणायचा, बरं झालं दादा. पलीकडून मोनिका काहीतरी विचारायची, तर रायभान म्हणायचा, तिला सांग, काळजी नको करू बिलकुल.

एका सकाळी अंघोळ घालून झाल्यावर बेबीनंदा ओला पदर झटकत अंगणात आली. "भाऊ, काकूची कातडी बघा जरा. चिमटीत धरली तर तशीच उभी राहून राह्यली. अन् ओठ बी लई फुटलेत."

"वारं कोरडं हाय," रायभान म्हणाला. "माझे बी फुटलेत. अन् दुखण्यातलं माणूस, अंगावर मांस कुठं राह्यलं तिच्या?"

बेबीनंदा गेली. रायभान मोसंबीखाली उभा होता. त्यानं सवयीनं एक पान दोन बोटांत धरून पाहिलं आणि ह्याला उद्या पाणी द्यावं लागेल असं ठरवलं. आशाबाईची कातडी चिमटीत धरून बघावी असं काही त्याच्या मनात आलं नाही.

शिवरात्र तोंडावर आली तेव्हा खिडकीतल्या मोगऱ्याला कळ्या दिसल्या. बाहेरचे मोगरे अजून काड्या काड्या उभे होते, त्यांचा ताण तोडायला अवकाश होता, आणि हा एकटा हिरवागार. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी त्यातल्या पाच-सहा उमलल्या. रायभान चकरावला आणि मग हरखला. रोपवाटिकेतला जुना सोबती देवानंद मुद्दाम बघायला आला.

"ताण तोडला व्हय ह्याचा?" देवानंदनं विचारलं.

"एक थेंब न्हाई दिला. मार्गशीर्षात पाणी पाहिलेलं ह्यानं."

"पाण्याबिगर मोगरा फुलत नसतो, रायभान."

"खिडकीतली ऊब हाय ती. भिंत तापती दुपारून." रायभानजवळ उत्तर तयार होतं. जाणकार माणसाची हीच खोड, की न कळलेल्या गोष्टीलाही त्याच्याजवळ कारण असतं.

देवानंदनं काथ्याखाली बोट घालायला हात पुढं केला. बाजेवरून आशाबाई म्हणाली, "हात नका लावू त्याला. यांचा जीव हाय त्यात." देवानंद हसला आणि हात मागं घेतला. रायभाननं एक फूल तोडून तिच्या उशाशी ठेवलं. तिनं डोळे मिटून घेतले. आताशा ती झोपूनच असायची.

शिवरात्रीनंतर तिसऱ्या-चौथ्या सकाळी आशाबाईनं त्याला ओळखलं नाही. ती स्वतःच्या मेलेल्या आईला हाका मारत होती आणि हंडा भरला का, असं विचारत होती. हात थंड, जीभ लाकडासारखी. बेबीनंदाच्या नवऱ्यानं फाट्यावरून जीप आणली. जालन्याला पोचेपर्यंत रायभान तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि ड्रायव्हरला जल्दी चल म्हणत होता.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती. तिनं आशाबाईचे डोळे पाहिले, जीभ पाहिली, दंडाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती कातडी हळूहळू खाली बसली.

"बाबा, ह्यांना पाणी देत होता का?"

"दिवसाला दोन तांबे. मी माझ्या हातानं भरतो अन् रिकामे उचलतो."

"अंग पार सुकलंय ह्यांचं."

"मी खोटं बोलून राह्यलो का?" रायभानचा आवाज चढला. वॉर्डातली माणसं वळून बघायला लागली. डॉक्टरनं वाद घातला नाही. सलाईन लावलं, रक्त तपासायला पाठवलं. दुपारपर्यंत परमेश्वर आणि मोनिका आली. संध्याकाळी डॉक्टरनं दोघा बापलेकांना बाजूला घेऊन सांगितलं, की मूत्रपिंडं बंद पडली आहेत. प्रयत्न चालू आहेत, पण हृदयही थकलंय, डायलिसिसच्या मशीनवर घेता येईल असं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी परमेश्वर म्हणाला, "दादा, तुम्ही घरी जाऊन या. मायचं लुगडं आणा, तुमचे कपडे आणा. मी थांबतो." त्यात दोष दिल्यासारखं काही नव्हतं. रायभान एसटीनं वाटूरला उतरला आणि चालत घरी आला.

मागची खोली बंद होती. दार उघडलं आणि त्याची नजर आधी मोगऱ्यावर गेली. सगळ्या पानांनी माना टाकल्या होत्या. कळ्या देठातून वाकल्या होत्या.

रायभान उभा राहिला. मार्गशीर्षापासून पाणी नसलेला मोगरा परवापर्यंत टवटवीत होता आणि दोन दिवसांत त्यानं मान टाकली. असं होत नाही. ताणावरचं झाड दोन दिवसांत कोमेजत नाही, त्यानं तहान अंगात जिरवलेली असते. रोज पाणी पिणारं झाडच पाणी तुटलं की असं दोन दिवसांत पडतं. हे त्याला जन्मभर ठाऊक होतं आणि आता उभ्या जागी ते त्याच्या अंगावर आलं.

त्यानं काथ्या उचलला. वरची माती सुकून तडकली होती, पण बोट खोल घातलं तर पार बुडाशी अजून जराशी ओल लागली. डब्याच्या बुडातून पाझरून कट्ट्यावर हिरवट डाग पडला होता आणि तो भिंतीवरून बाजेमागं उतरला होता, तिथून तो कुणालाच दिसला नसता. शेजारी रिकामा तांब्या होता आणि पालथा पेला. तिचा उजवा हात जिथवर पोचायचा तिथवरच सगळं होतं. त्यानंच ते तसं मांडलं होतं.

लुगडं घ्यायला आलो हे तो विसरला. किती वेळ बाजेवर बसून राहिला कोण जाणे. बेबीनंदा आवाज दिल्याशिवाय आत आली, तिनंच गाठोडं बांधून दिलं. जाताना ती म्हणाली, "मोगरा सुकला वाटतं भाऊ, मी घालते थोडं पाणी." रायभान गाठोडं काखेत मारून निघाला.

तो वॉर्डात पोचला तेव्हा आशाबाई शुद्धीवर होती. मधे मधे यायची तशी. परमेश्वर चहाला गेला होता. रायभान स्टुलावर बसला आणि तिच्या कानाशी वाकला.

"पाणी मोगऱ्यात वतत व्हतीस?"

तिनं फुटलेल्या ओठांवरून जीभ फिरवली. मग म्हणाली, "मंग कुठं वतू? खिडकीतून फेकून देऊ? पाणी हाय ते."

"पण का वतलं? प्यायचं सोडून?"

"तुमची कंबर धरती," आशाबाई म्हणाली. "अन् तुम्हीच म्हनले न्हवं का. दिवसभर ह्येच करू का म्हणून." तिच्या बोलण्यात राग नव्हता. बाजारातून मीठ आणायचं राहिलं, असं सांगावं तसं तिनं ते सांगितलं. "गोळीपुरतं घेत व्हते दोन घोट."

रायभानला तेव्हा ती सकाळ आठवली, तो सुकलेला डोळा आठवला आणि दारातून आपण काय बोललो तेही आठवलं. त्या डोळ्याच्या जागी भरलेला दुसरा डोळा आता बोटभर फुटला होता.

"लई तहान लागली," आशाबाई म्हणाली.

तो ताडकन उठला. शेजारच्या खाटेवरच्या बाईकडून पाण्याची बाटली मागून घेतली आणि झाकण उघडलं. नर्सनं येऊन त्याचा हात धरला. "बाबा, पाणी नाही द्यायचं आता. लघवी बंद आहे त्यांची. दिलेलं पाणी बाहेर पडत नाही, छातीत भरतंय. कापूस ओला करून ओठाला लावा फक्त."

"तिला तहान लागलीय बाई."

"माहीत आहे. पण नाही द्यायचं."

ते दोन दिवस रायभाननं ओल्या कापसावर काढले. आशाबाई कापूस दातांत धरून चोखायचा प्रयत्न करी आणि तो सोडवून घ्यावा लागे. पाणी मागताना ती कधी त्याला नाव घेऊन हाक मारी, कधी आई म्हणे. ज्याला तहानेची बारीक रेघ दिसायची असा माणूस पाण्याची बाटली हातात धरून बसला होता आणि त्याला एक घोट देता येत नव्हता. परमेश्वरला त्यानं काही सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं की फक्त, लई तहान लागली रे तिला, एवढंच बाहेर यायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मागायची थांबली. संध्याकाळच्या आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला अंगणात मोसंबीजवळ ठेवलं. मोसंबीचा बहार गळायला लागला होता, पाकळ्या तिच्या अंगावर पडत होत्या आणि कुणीतरी त्या झटकत होतं. बेबीनंदानं पाणी घातलेला मोगरा पुन्हा उभा राहिला होता. त्याची फुलं तिनं आशाबाईच्या उशाशी ठेवली होती. बायका म्हणत होत्या, सवाष्ण गेली, नशीबवान.

मग रीतीप्रमाणं शेवटचं पाणी पाजायची वेळ झाली. आपल्याकडं माणूस उचलायच्या आधी घरातले, भावकीतले, मग आळीतले, सगळे एकेक करून त्याच्या तोंडात पाणी घालतात. परमेश्वरनं आतून तांब्या भरून आणला. खिडकीतलाच तांब्या होता, तोच हाताशी आला. त्यानं तुळशीच्या पानानं मायच्या तोंडात पाणी सोडलं. मोनिकानं सोडलं. पुतण्यांनी सोडलं. पाणी ओठांच्या कोपऱ्यातून ओघळून मानेखाली मातीत जात होतं आणि कुणी ते मोजत नव्हतं की अडवत नव्हतं. उभ्या आयुष्यात एवढ्या माणसांनी तिला पाणी कधी पाजलं नव्हतं. ते ती आणायची आणि दुसऱ्यांना द्यायची.

रायभानची पाळी आली. लोकांनी त्याला धरून खाली बसवलं. त्यानं तुळशीचं पान घेतलं नाही. तांब्याच उचलला, डावा हात तिच्या मानेखाली घातला, संडासला न्यायला उठवायचा तसा, आणि तांब्या तिच्या ओठाला लावला.

"पी," तो म्हणाला. "पी परमूची माय. मी उठवतो तुला. कितीबी येळा उठवतो."

पाणी तिच्या हनुवटीवरून, गळ्यावरून, नव्या लुगड्यावरून वाहत गेलं. तांब्या रिकामा झाला तरी त्यानं तो तिरका धरलेलाच होता. लोकांना वाटलं, म्हातारा भ्रमला. परमेश्वरनं त्याच्या हातातून तांब्या काढून घेतला, पुन्हा भरायला मोनिकाकडं दिला आणि बापाला दंडाला धरून बाजूला बसवलं. मागं अजून बरीच माणसं पाणी पाजायची थांबली होती.